डॉ. शंकर आबाजी भिसे : एका मराठी संशोधकाची वाटचाल



स्मरणिकेसाठी प्रत्येकाने आपापल्या क्षेत्राविषयी काही लिहावे, असे संपादक मंडळाने कळवले. माझे क्षेत्र इलेक्ट्रॉनिक वस्तू विकसित करण्याचे. म्हणजे कागदावरची कल्पना बाजारात विकली जाणारी, चार-दहा वर्षे टिकणारी वस्तू होईपर्यंत तिच्या मागे लागण्याचे. इलेक्ट्रिकल इंजिनियरिंग करून बाहेर पडल्यापासून मी मुख्यतः वजनकाट्यांवर काम केले. किराणा दुकानातला छोटा काटा, पीठ-साखर पिशवीत भरणारे यंत्र, आपल्या जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांच्या दारात उसाच्या ट्रॉल्या तोलणारा मोठा काटा, या सगळ्यांच्या पोटातले सर्किट कुणीतरी आखलेले असते. त्या अनेकांपैकी मी एक.

स्वतःविषयी लिहिण्यासारखे फार नाही. त्याऐवजी आमच्या विभागात नव्याने येणाऱ्या प्रत्येक मुलाला आणि मुलीला ज्यांचे चरित्र मी आवर्जून सांगतो, त्या डॉ. शंकर आबाजी भिसे यांच्याविषयी लिहितो. वर्गात आपण एडिसन शिकलो, मार्कोनी शिकलो, जेम्स वॅटची किटली तर पाठच होती. भिसे यांचे नाव मला कॉलेज संपल्यावर कळले. ज्या माणसाला त्याच्या हयातीत भारतीय एडिसन म्हटले गेले, तो आपल्यासारखाच मराठी घरातला होता, हे त्या वयात कळले असते तर बरे झाले असते.

भिसे यांचा जन्म २९ एप्रिल १८६७ रोजी मुंबईत झाला. त्या काळी मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे लागत. दगडी कोळसा बंद भांड्यात तापवला की त्यातून जळणारा वायू निघतो, तो नळांतून शहरभर फिरवायचा, अशी ती व्यवस्था. चौदा वर्षांच्या शंकरने हा वायू तयार करण्याचे छोटे उपकरण घरीच बनवले. आजच्या आई-वडिलांनी हे वाचून कपाळाला हात लावला असता, आणि तो बरोबरही आहे, कारण हा वायू विषारी आणि स्फोटक असतो. पण मुलाचा पिंड त्यातून दिसतो. समोर दिसणारी गोष्ट कशी चालते हे नुसते समजून त्याचे समाधान होत नव्हते, ती स्वतः करून पाहायची होती. सोळाव्या वर्षी त्याने ठरवून टाकले, की युरोपात किंवा अमेरिकेत जायचे आणि संशोधनच करायचे.

ठरवणे सोपे होते. प्रत्यक्ष जायला पुढे पंधरा-सोळा वर्षे लागली. इंजिनियरिंगची पदवी नाही, घरचा कारखाना नाही. पोटापाण्याची नोकरी सांभाळून उरलेल्या वेळात प्रयोग, असा तो काळ होता. मुंबईत त्यांनी विज्ञानाची आवड असणाऱ्यांचे एक मंडळ काढले. दृष्टिभ्रमाचे प्रयोग बसवले. प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत एक घन वस्तू दुसऱ्या वस्तूत बदलते असे दिसावे, अशी प्रकाशाची आणि यंत्राची ती करामत होती. तिचे प्रयोग इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्येही झाले. याच काळात त्यांनी छेडछाड करता येणार नाही अशी बाटली, सायकलसाठी विजेची उपकरणे, आणि मुंबईच्या लोकल गाड्यांतील प्रवाशांना पुढचे स्टेशन कळावे यासाठी स्टेशन-दर्शक यंत्र, अशा वस्तू तयार केल्या. आज लोकलच्या डब्यात लाल अक्षरांत सरकणारे स्टेशनचे नाव दिसते, तेव्हा मला हटकून भिसे आठवतात. एकोणिसाव्या शतकात या माणसाला ती गरज दिसली होती.

त्यांना खरी ओळख मिळाली ती एका वजनयंत्रामुळे, आणि म्हणूनच माझे त्यांच्याशी जरा घरचे नाते आहे. १८९० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमधल्या संशोधकांच्या एका नियतकालिकाने स्पर्धा जाहीर केली. किराणा मालाच्या दुकानात पीठ, साखर यांसारखा सुटा माल ठरावीक वजनाने आपोआप मोजून देणारे यंत्र आखायचे होते. भिसे यांनी एका रात्रीत, एका बैठकीत आराखडा काढला, तो पाठवला आणि बक्षीस मिळवले.

हे काम ऐकायला सोपे वाटते. आपल्यापैकी ज्यांची दुकाने आहेत त्यांना विचारा. पीठ खाली पडत असते, पिशवी भरत असते. बरोबर एक किलो झाल्यावर झडप बंद केली, तर पिशवीत एक किलोपेक्षा जास्त पीठ जाते, कारण झडप आणि पिशवी यांच्या मध्ये हवेत असलेले पीठ अजून पडायचे असते. म्हणून झडप थोडी आधी बंद करावी लागते. किती आधी, हे पीठ किती सुटे, किती दमट, किती उंचीवरून पडते यावर ठरते. साखर दाण्यासारखी घरंगळते, पीठ मात्र गोळा धरून थांबते आणि मग एकदम कोसळते. शिवाय पडणारा माल पारड्यावर आपटतो, तो धक्कासुद्धा वजन म्हणूनच नोंदला जातो. आज आम्ही लोडसेल वापरतो. धातूच्या एका ठोकळ्यावर भार आला की तो केसाहूनही कमी वाकतो, त्यावर चिकटवलेल्या पातळ तारेचा रोध बदलतो आणि काही मिलिव्होल्टचा फरक मिळतो. तो वाढवून, आकड्यांत बदलून, मायक्रोकंट्रोलर आधी भरभर आणि शेवटी हळूहळू माल सोडायला सांगतो. एवढे सगळे हाताशी असूनही पावसाळ्यात पीठ भरणारे यंत्र बिनचूक चालवणे ही परीक्षाच असते. भिसे यांच्यापुढे हाच प्रश्न होता, आणि हाताशी दांडे, वजने, स्प्रिंगा आणि झडपा एवढेच होते.

या बक्षिसाने मुंबईतल्या मोठ्या मंडळींचे लक्ष त्यांच्याकडे गेले. काँग्रेसचे दिनशा वाच्छा यांनी लंडनला दादाभाई नौरोजी यांच्या नावे शिफारसपत्र दिले. ब्रिटिश पार्लमेंटमध्ये १८९२ ते १८९५ या काळात निवडून गेलेले दादाभाई तेव्हा लंडनमध्येच राहत होते. त्यांनी या तरुणाला आधार दिला आणि पैशाचीही मदत केली. देशातून संपत्ती कशी बाहेर वाहून जाते हे आकड्यांनिशी मांडणाऱ्या दादाभाईंना एका यंत्रवेड्या माणसात रस वाटावा, यात नवल नाही. हिंदुस्थानी माणूस नोकरी करू शकतो, वकिली करू शकतो, पण यंत्र निर्माण करू शकत नाही, असा समज तेव्हा राज्यकर्त्यांत सर्रास होता. भिसे यांच्या प्रत्येक पेटंटने त्या समजाला तडा जात होता.

लंडनमध्ये त्यांच्या कल्पनाशक्तीला बहर आला. विजेवर चालणारा जाहिरातीचा फलक त्यांनी तयार केला आणि तो तिथल्या प्रसिद्ध क्रिस्टल पॅलेसमध्ये लागला. आपोआप पाणी सोडणारी शौचालयाची टाकी, स्वयंपाकघरातली उपकरणे, अशा वस्तूंची रांग लागली. आयुष्यभरात त्यांनी सुमारे दोनशे शोध लावले आणि सुमारे चाळीस पेटंट घेतली, असे सांगितले जाते. त्याच काळात आपले जगदीशचंद्र बोस पेटंट घेण्याच्या विरोधात होते, ज्ञान सगळ्यांसाठी खुले असावे असे त्यांचे मत होते. बोस प्राध्यापक होते, पगार चालू होता. भिसे यांना पेटंटवरच जगायचे होते. दोन्ही वाटा प्रामाणिकच. पण इंजिनियरची वाट भिसे यांचीच असते, हे नवीन मुलांना सांगावे लागते.

त्यांच्या आयुष्यातले सर्वांत मोठे काम म्हणजे छपाईचे खिळे ओतणारे यंत्र, भिसोटाइप. आपली पिढी खिळ्यांची छपाई शेवटची पाहिलेली पिढी. लग्नपत्रिका, गावच्या यात्रेची हँडबिले आणि परीक्षेचे पेपर ज्या छापखान्यात होत, तिथे लाकडी केसमधून एकेक खिळा उचलून उलटी ओळ जुळवणारा कंपोझिटर आपण पाहिला आहे. तो खिळा शिसे, कथील आणि अँटिमनी यांच्या मिश्रणाचा. वितळलेला धातू साच्यात सोडायचा, तो थिजला की खिळा बाहेर काढायचा, पुन्हा धातू सोडायचा. वेग वाढवायचा तर उष्णता झटपट बाहेर काढावी लागते. ती नीट निघाली नाही तर खिळा आतून पोकळ राहतो आणि छपाईच्या दाबाखाली चेपतो. सगळ्या खिळ्यांची उंचीही तंतोतंत सारखी लागते, नाहीतर एक अक्षर काळेकुट्ट आणि शेजारचे पुसट उमटते. म्हणजे वेग, उष्णता आणि अचूकता या तिन्हींची ओढाताण. अमेरिकेत लायनोटाइप आणि मोनोटाइप ही यंत्रे बाजारात आली होती, त्यांच्यामागे मोठ्या कंपन्या होत्या. मुंबईच्या या एकट्या माणसाने त्या मैदानात उडी घेतली. त्यांचे यंत्र मिनिटाला हजाराच्या वर खिळे ओतते, अशी त्याची ख्याती झाली.

आपल्याकडे हे यंत्र का महत्त्वाचे ठरले असते, ते पाहा. इंग्रजीला सव्वीस अक्षरे, लहान-मोठी धरून बावन्न. मराठीला काना, मात्रा, वेलांटी, रफार, अर्धी अक्षरे, जोडाक्षरे धरून काही शे वेगवेगळे खिळे लागतात. मराठी छपाई महाग आणि संथ होण्याचे हे एक मोठे कारण. आपल्या नगरला छपाईची परंपरा जुनी आहे, ज्ञानोदय हे नियतकालिक १८४२ साली नगरलाच सुरू झाले. अशा जिल्ह्यागावच्या छापखान्यांना स्वस्तात, भराभर खिळे मिळाले असते, तर पुस्तके किती स्वस्त झाली असती याचा विचार करून बघावा.

पण चांगले यंत्र आणि चांगला धंदा यांच्यात मोठी दरी असते. एक नमुना चालवून दाखवणे ही पहिली पायरी. त्यानंतर शंभर यंत्रे सारखी बनवणे, त्यांचे सुटे भाग मिळवणे, दुरुस्ती करणारी माणसे तयार करणे, गिऱ्हाइकाला उधारी देणे आणि पहिला नफा हाती येईपर्यंत कारखाना जगवणे. नमुन्याला जेवढा खर्च येतो त्याच्या कितीतरी पट खर्च या पुढच्या पायऱ्यांना येतो. दादाभाईंचे मित्र आणि इंग्लंडमधले समाजवादी पुढारी हेन्री हाइंडमन यांनी भांडवल उभे करून देण्याची तयारी दाखवली होती. ते भांडवल प्रत्यक्षात आले नाही. १९०८ च्या अखेरीस भिसे लंडनमधला मुक्काम आवरून मुंबईला परत निघाले.

त्याच प्रवासात नामदार गोपाळ कृष्ण गोखले बोटीवर होते. गोखल्यांनी या माणसाची तळमळ ओळखली आणि सर रतन टाटा यांच्याकडे शब्द टाकला. जमशेटजींचे धाकटे चिरंजीव असलेल्या या रतन टाटांनी गोखल्यांच्या भारत सेवक समाजाला आणि दक्षिण आफ्रिकेतल्या गांधीजींच्या लढ्यालाही मदत केली होती. त्यांनी भिसे यांच्यामागे पैसा उभा केला. टाटा आणि भिसे यांच्या नावाने सिंडिकेट निघाले, भिसे पुन्हा लंडनला गेले आणि काम सुरू झाले. काही वर्षांतच पहिले महायुद्ध पेटले. युरोपातले कारखाने तोफगोळे बनवू लागले, छपाईची नवी यंत्रे कोण घेणार? टाटांचा आधार संपला. एका बाजूला तयार होत आलेले यंत्र आणि दुसऱ्या बाजूला पन्नाशीकडे झुकलेले वय.

इथे मी माझ्या धंद्यातले एक सांगतो. काही वर्षांपूर्वी एका कंपनीत आम्ही पाच जणांनी दोन वर्षे खपून शेतमालाच्या बाजारासाठी एक काटा तयार केला होता. धूळ, उन्हाळा, खालीवर होणारे व्होल्टेज, सगळ्या चाचण्या त्याने पार केल्या. वरच्या मंडळींनी बाहेरून आयात केलेला काटा स्वस्त पडतो म्हणून आमचा काटा कपाटात ठेवला, आणि तो अजून तिथेच असेल. त्या दिवसांत आमच्यातल्या दोघांनी हे क्षेत्रच सोडले. त्यांना मी दोष देत नाही. पण भिसे यांचे पुढचे वीस वर्षांचे आयुष्य मला अशा वेळी फार उपयोगी पडले.

भिसे अमेरिकेला गेले. न्यूयॉर्कमध्ये त्यांनी नव्याने सुरुवात केली. खिळे ओतण्याचे काम सोडले नाही, मात्र यंत्राचे रूप आटोपशीर करत नेले. पुढे त्यांच्या नव्या यंत्राला आयडियल टाइप कास्टर हे नाव मिळाले आणि त्यासाठी कंपनीही निघाली. पण केवळ त्या एकाच यंत्रावर त्यांनी संसार टांगून ठेवला नाही. रसायनांकडे वळून त्यांनी कपडे धुण्याचे एक संयुग बनवले आणि ते विकले. आयोडीनपासून ॲटोमिडीन नावाचे औषध तयार केले, ते अमेरिकेत बाजारात चालले. यंत्रांनी जे स्थैर्य दिले नव्हते, ते उतारवयात रसायनांनी दिले. १९३० साली त्यांची आणि थॉमस एडिसन यांची भेट झाली. त्यानंतर वर्षभराच्या आतच एडिसन गेले. ७ एप्रिल १९३५ रोजी न्यूयॉर्कमध्येच डॉ. भिसे यांचे निधन झाले, अडुसष्टावा वाढदिवस तीन आठवड्यांवर आला असताना.

त्यांना भारतीय एडिसन म्हणतात, त्यात गौरव आहेच. पण माझ्या मते या नावाने एक गोष्ट झाकली जाते. एडिसन एकटे नव्हते. न्यू जर्सीत मेन्लो पार्क येथे १८७६ साली त्यांनी जी प्रयोगशाळा उभारली, तिथे यंत्रकाम करणारे कुशल कारागीर होते, काच फुंकणारा होता, गणित करणारा होता, आणि पैसा लावायला न्यूयॉर्कचे सावकार तयार होते. विजेचा दिवा त्या सगळ्यांनी मिळून घडवला. भिसे यांच्याकडे बुद्धी होती, चिकाटी होती, दादाभाई, गोखले आणि टाटा यांच्यासारख्या थोरांचा लोभ होता. नव्हती ती अशी कायमची जागा, जिथे हत्यारे मांडलेली आहेत, शेजारी दुसरा कारागीर आहे आणि पुढच्या महिन्याच्या भाड्याची चिंता नाही. दोघांच्या आयुष्यातला फरक मला अकलेत कमी आणि या जागेत जास्त दिसतो.

आणि म्हणूनच हा लेख फक्त आदरांजली म्हणून लिहिलेला नाही. आपल्या जिल्ह्यात आज कारखाने आहेत. नगरच्या एमआयडीसीत मोटारी बनतात, गावोगावी वायरमन आणि मोटार रिवाइंडिंग करणारे आहेत, विहिरीवरच्या पंपाचा ऑटोस्विच बिघडला तर रात्री बॅटरीच्या उजेडात तो दुरुस्त करणारी पोरे आहेत. ती पोरे हुशार आहेत. एक फेज गेल्यावर मोटार जळू नये म्हणून त्यांनी केलेल्या जोडण्या मी पाहिल्या आहेत, काही तर आमच्या विभागात बसून आखल्या असत्या तरी शोभल्या असत्या. पण ती कल्पना त्या एका विहिरीवर राहते. तिची वस्तू होत नाही, कारण ती तपासायला, मोजायला, चार वेळा मोडून पुन्हा जोडायला जागा नसते. बहुतेक आराखडे बाहेरून येतात आणि आपण ते जोडून देतो.

आपल्या शाळेतही चौदा वर्षांची मुले आहेत. त्यातल्या कुणाला घरी वायू बनवायचा असेल तर तो घरी बनवू नये, शाळेत सरांच्या देखरेखीखाली करून पाहावा, एवढी सोय आपण करू शकतो. माझा प्रस्ताव साधा आहे. संमेलनाच्या खर्चातून जी रक्कम उरेल, तिच्यात भर घालून शाळेत एक कायमचा कामाचा बाक उभा करावा. त्यावर सोल्डरिंग गन, मल्टिमीटर, चांगला पॉवर सप्लाय, एक ऑसिलोस्कोप, लहान व्हाइस, करवत, ड्रिल आणि सुट्या भागांचे खण असावेत. नुसती खरेदी करून भागणार नाही. कपाटाला कुलूप लागले की सगळे संपते. म्हणून महिन्यातून एका शनिवारी आपल्यापैकी कुणीतरी तिथे बसावे. बॅचमध्ये इलेक्ट्रिशियन आहेत, वीज मंडळात नोकरी केलेले आहेत, फॅब्रिकेशनचे वर्कशॉप चालवणारे आहेत, दोघी मैत्रिणी पॉलिटेक्निकला शिकवतात. पाळी लावली तर वर्षातून एखादाच शनिवार प्रत्येकाच्या वाट्याला येईल.

पहिले वर्षभर मी दर महिन्याला पुण्याहून येईन. मुलांना काय करायला द्यायचे हेही माझ्या मनात आहे: एक किलो पीठ आपोआप मोजून देणारे यंत्र, जमेल त्या सामानातून. ज्यांना या कामात हातभार लावायचा आहे त्यांनी संमेलनाच्या दिवशी दुपारच्या जेवणानंतर जुन्या प्रयोगशाळेच्या ओट्यावर भेटावे. मुख्याध्यापकांना देण्याचा अर्ज आणि सामानाची यादी मी घेऊन येतो.